खडकावरची पसंती

अप्पांच्या मते बंगळूरला चेहराच नव्हता. "पुणं कसं नाकीडोळी नीटस आहे," ते म्हणत, "आणि हे बंगळूर म्हणजे नुसती गोरी बाई. हवा चांगली, कांती चांगली, पण तोंडाकडं बघावं तर बघण्यासारखं काही नाही." माझे वडील ऐन विशीत पुण्याहून इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले होते. नोकरी बदलीची नव्हती, त्यामुळं परत जायचा मार्ग आपोआप बंद झाला होता, आणि तो बंद आहे म्हणूनच त्यांचं पुणं वर्षागणिक देखणं होत गेलं. डोंगर आणखी हिरवे झाले, नद्या आणखी भरल्या. दुरून डोंगर साजरे म्हणतात. आमच्या घरात ती म्हण कुणी उच्चारत नसे, कारण आम्ही तिच्यातच राहत होतो.

मल्लेश्वरमला आमचं भाड्याचं घर होतं, वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण सरोजाक्का. लाल गुळगुळीत जमीन, इतकी गार की उन्हाळ्यातही दुपारी तिच्यावर गाल टेकून झोपावंसं वाटे. सकाळी आधी सरोजाक्कांच्या अंगणात सडा पडल्याचा आवाज, मग त्यांच्या कॉफीचा वास, मग "हूवा, मल्लिगे हूवा" करत जाणारी फुलवाली, आणि मग कोपऱ्यावर कारखान्याच्या बसचा भोंगा. भोंगा वाजला की अप्पा डबा घेऊन जिना उतरत आणि घर एकदम कानडी होई. आई धारवाडची. घरात मराठी, पण दारात, गच्चीत, भाजीवाल्याशी कानडी, आणि कधी कधी दोन्हींचा काला. "सरी, स्वल्प थांब, मसाला भाजतेय," असं ती मला सहज म्हणून जाई. अप्पा घरी असले की मात्र ती जीभ आवरून बोलायची. हिवाळ्यात अवरेकाळु, म्हणजे ओले पावटे, बाजारात आले की सगळ्या मल्लेश्वरमला त्या शेंगांचा वास यायचा. आई आणि सरोजाक्का जिन्यात बसून दाणे सोलत, पाण्यात भिजवून एकेक दाणा बोटांनी चिमटून सालाबाहेर काढत, आणि रात्री त्यांची उसळ पानात पडली की अप्पा दोनदा वाढून घेत आणि म्हणत, "बरी आहे, पण वालाच्या बिरड्याची सर नाही." आई ताक वाढायला घेई. तिनं त्यांना उलट उत्तर दिलेलं मी माझं लग्न ठरेपर्यंत ऐकलं नाही, आणि त्याचाही मला राग आहे, पण तो वेगळा.

पुण्याहून पाहुणे आले की अप्पांना उधाण येई. मे महिन्यात कुणी ना कुणी म्हैसूर-उटीला जाता जाता आमच्याकडं उतरतच. एक रविवार अप्पा त्यांना शहर दाखवायला नेत, आणि त्या फेरीचा उद्देश एकच असे: इथं दाखवण्यासारखं काही नाही, हे दाखवणं. विधानसौधासमोर उभं राहून म्हणत, "इमारत थोर आहे, पण भोवती काय आहे? सपाटी!" सँकी टँकच्या बांधावर नेऊन म्हणत, "गावाला नदी नाही, म्हणून ही तळी. पाणी अडवून ठेवावं लागतं हो यांना." आणि शेवटचा मुक्काम लालबागचा खडक. दुसऱ्या कुठल्याही शहरातून आलेला माणूस त्या उघड्याबोडक्या, हत्तीच्या पाठीसारख्या दगडावर चढून वारा खातो आणि खूश होतो. अप्पा त्याच्या पायथ्याशी थांबून, हात कमरेवर ठेवून, सगळे जमले की जाहीर करत, "तर ही इथली टेकडी. चढायला लागावं तोवर संपते." पाहुणे हसत. मग वर जाऊन पर्वतीचं वर्णन सुरू होई: चारी बाजूंचे डोंगर, मधून वाहणारी मुठा, संध्याकाळी सिंहगडामागं जाणारा सूर्य. गंमत म्हणजे ऐकणारे स्वतः पुण्याहूनच आलेले असत. त्यांना ते सगळं घरच्या नळासारखं माहीत असे, पण परगावी येऊन आपल्या गावाची स्तुती ऐकायला कुणाला नको असते?

हल्ली मी लेकीकडं असते, बंगळूरलाच, के. आर. पुरमच्याही पुढं, एका उंच इमारतीत. लिफ्टमध्ये पुण्या-मुंबईची, नागपूरची पोरं भेटतात, गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं, पाठीवर सॅक. मराठी आजी दिसली की बोलतात. परवा एक जण म्हणाला, "आजी, ऑनेस्टली सांगू? वेदर सोडलं तर इथं आहे काय? पुण्यात अ‍ॅटलीस्ट वीकेंडला गड तरी करता येतो." मी त्याच्याकडं पाहतच राहिले. दाढी होती, कानात यंत्र होतं, पण वाक्य अप्पांचं होतं. लेकीच्या खिडकीतून मला काचेच्या इमारती दिसतात, आणि पुण्यात आमच्या गच्चीतूनही हल्ली तशाच दिसतात. दोन्ही शहरांनी एकाच दुकानातून चेहरे आणलेत. तरी भांडण चालूच आहे, आणि पोरगा उतरायच्या मजल्यावर उतरून गेला तरी मी मनात त्याच्याशी भांडतच होते.

कारण त्या भांडणात माझं शिक्षण गेलं. मी भूगर्भशास्त्र शिकत होते. त्या काळी आमच्या वर्गात मुली म्हणजे मी आणि आणखी एक. अप्पांनी मला तो विषय घेऊ दिला त्याचं कारण त्यांना तो भूगोलाचाच एक प्रकार वाटला, आणि मुलीच्या जातीला भूगोल निरुपद्रवी. मला मात्र पहिल्याच वर्षी वेड लागलं. आमचे सर हासनकडचे, बारीक आवाजाचे, हातात कायम भिंग. त्यांनी आम्हाला पहिल्यांदा बाहेर नेलं ते लालबागच्या त्या खडकावरच. गुडघ्यांवर बसवून दगडातले पट्टे दाखवले, एक फिका, एक काळा, वळत, मुडपत गेलेले. ज्या दगडावर उभं राहून मी लहानपणापासून त्याची टिंगल ऐकत आले होते, तो पृथ्वीवरच्या अगदी जुन्या खडकांपैकी एक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप. वाटलं, एवढ्या म्हाताऱ्या, एवढं सोसलेल्या वस्तूवर उभं राहून आपल्या घरचा माणूस दरवर्षी लोकांना हसवतो, आणि तिला तोंड नाही. मी अभ्यासाला लागले ती त्या रागात. शेवटच्या वर्षी सरांनी सांगितलं की चित्रदुर्गाकडचा खडक तपासायचा मोठा कॅम्प झाला, त्याचा अहवाल दिला, परीक्षा दिली की एम.एस्सी.ला मला सहज प्रवेश मिळेल, आणि पुढं सरकारी सर्वेक्षणात मुलींनाही घेऊ लागलेत. मी कॅम्पसाठी कॅनव्हासचे बूट आणले आणि सवय व्हावी म्हणून घरात घालून हिंडू लागले. लाल जमिनीवर ते करकर वाजायचे. सरोजाक्का खालून हाक मारून विचारायच्या, "काय गं, वर पोलीस आलेत की काय?" मला एवढंच हवं होतं: तो कॅम्प, ती पदवी, आणि पायात ते बूट घालून मिळणारी नोकरी.

त्या वर्षी थंडीतच करंदीकर आले. करंदीकरकाका अप्पांचे शाळेतले मित्र, पुण्यात शिक्षक होते. सोबत काकू. दक्षिणेची सहल करून परत चालले होते. चांगली, हसरी माणसं. नेहमीप्रमाणं रविवारी फेरी निघाली, नेहमीप्रमाणं विधानसौधासमोर सपाटी झाली, तळ्यावर नदीचा उद्धार झाला आणि आम्ही लालबागेत पोचलो. अप्पा कमरेवर हात ठेवून म्हणाले, "तर ही इथली टेकडी." काका हसले आणि मग माझ्याकडं वळून म्हणाले, "काय गं, तू दगडांचंच शिकतेस ना? मग सांग बघू, अप्पांचं खरं की खोटं?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. ते गमतीनंच पाहत होते. आपली मुलगी आपलीच री ओढणार याची त्यांना खात्री होती. मी म्हटलं, "काका, तुमची पर्वती लाव्ह्याची आहे. थरावर थर साचून झालेली. ती जन्मायच्या कितीतरी आधी हा खडक म्हातारा झाला होता. हा ठेंगणा नाही, झिजलाय. वरचं सगळं वाऱ्यापावसानं नेलं आणि एवढा गाभा उरलाय."

"आणि नदी?" काकांनी मुद्दाम विचारलं.

"नदी नाही कारण आपण माथ्यावर राहतो. पडलेलं पाणी दोन्ही अंगांनी उतरून जातं. पुणं खोलगट भागात आहे, म्हणून तिथं नद्या येतात. उंचावर कोण आणि खाली कोण, हे आता तुम्हीच बघा."

मी बोलत होते आणि बोलताना खाली बसून पट्ट्यांवरून बोट फिरवत होते, सर करायचे तसं. वर पाहिलं तेव्हा अप्पांचा चेहरा लाल झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या फेरीत त्यांच्यावर कुणी हसत होतं. करंदीकरकाकांनी टाळी वाजवली. "अप्पा, पाडाव झाला तुमचा! घरातच शत्रू पोसलात!" आणि काकू माझ्याकडं बघत होत्या, आधी तोंडाकडं, मग हातांकडं, मग पुन्हा तोंडाकडं. त्या काकांना हळूच काहीतरी म्हणाल्या. काका गंभीर झाले आणि म्हणाले, "अप्पा, थट्टा पुरे. आमच्या श्रीकांतला अशीच हुशार, बोलकी मुलगी हवी होती. ही आम्हाला द्या."

अप्पांच्या चेहऱ्यावरचा राग जाताना मी पाहिला. पाणी ओतून जमीन पुसावी तसा तो साफ गेला. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. "न्या की," ते म्हणाले, "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे. आणि इथं जन्मलेली असली तरी ती मूळची पुण्याचीच." मी तोवर पुणं दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा मुंजींना. बंगळूरची बाजू मी इतकी चांगली मांडली की तिच्याच जोरावर मला पुण्याला धाडायचं ठरलं. याहून मोठा मूर्खपणा मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही, आणि तरी त्यात माझं काय चुकलं ते मला आजही सांगता येत नाही.

श्रीकांत पंधरवड्यात येऊन पाहून गेले. सज्जन, कमी बोलणारे, पुण्यात कारखान्यात नोकरी. नकार द्यावा असं त्यांच्यात काही नव्हतं, आणि असतं तरी मला कुणी विचारलं नाही. मुहूर्त काढला तो नेमका चित्रदुर्गाच्या कॅम्पच्या दिवसांतला. मी अप्पांना सांगितलं, कॅम्प चुकला की अहवाल नाही, अहवाल नाही तर पदवी नाही. ते म्हणाले, "पुण्यात कॉलेजं नाहीत का? विद्येचं माहेरघर आहे ते. तिथं जाऊन शिक हवं तेवढं." आई पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "स्वल्प थांबूया की हो. परीक्षा तेवढी होऊ दे. पावसाळा संपला की मुहूर्त आहेतच." अप्पा म्हणाले, "पुण्याची माणसं थांबत नाहीत." आईनं पुन्हा लाटणं हातात घेतलं.

मी कॉलेजात जाईनाशी झाले तसे एके दिवशी सर स्वतः घरी आले. जिना चढून दमले होते. त्यांना मराठी येत नव्हतं, अप्पांना कानडी येत असून ते बोलत नसत, म्हणून दोघं इंग्रजीतून बोलले, अत्यंत सभ्यपणे. सर म्हणाले, विद्यापीठाला विनंती करून मी तिला कॅम्पला चार दिवस उशिरा येऊ देईन, लग्न होऊन आली तरी चालेल. अप्पा म्हणाले, नवी नवरी दगड फोडायला कशी येणार? दोघंही हसले, सर जरा कमी. आईनं कॉफी आणली. सरांनी तिला कानडीत विचारलं, "अम्मा, तुम्हाला काय वाटतं?" आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्यांना वाटतं तेच." अप्पांनी उठून सरांच्या हातात लग्नाची पत्रिका दिली. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली आणि जिना उतरून गेले. लग्नाला ते आले नाहीत. बूट मी कामवाल्या बाईच्या मुलीला दिले. ते तिला मोठे झाले असणार.

पुणं सुंदर होतं. हे लिहिताना आजही हात जड होतो, पण खोटं कशाला लिहू? अप्पांनी सांगितलं होतं ते सगळं तिथं होतं. सपाट माथ्यांचे काळे डोंगर, पावसाळ्यात त्यांच्या अंगावर चढलेलं हिरवं, पर्वतीवरून दिसणारी कौलं, मुठेच्या पात्रातले दगड. लग्न होऊन गेल्यावर पहिल्याच आठवड्यात श्रीकांत मला पर्वतीवर घेऊन गेले आणि म्हणाले, "कसं वाटतं?" मी म्हटलं, "छान आहे." पायऱ्यांच्या कडेला थर उघडे पडले होते, एकावर एक, मोजता येण्यासारखे, आणि ते वाचायला मला शिकवणारं कुणी नव्हतं. सासरी मी 'बंगळूरची' झाले. तोंडून 'बरं'ऐवजी "सरी" गेलं की नणंद खुदकन हसे. कॉलेजचं विचारलं की सगळे प्रेमानं म्हणत, "पुढच्या वर्षी बघू." मग लेक झाली, मग सासऱ्यांचं दुखणं निघालं, मग मीच विचारायची थांबले. सासरे गेल्यावर एकदा भाजी निवडताना सासूबाई सहज म्हणाल्या, "आम्ही तर म्हटलं होतं हो, परीक्षा होऊ दे तिची, आम्हाला काही घाई नाही. तुमचे अप्पाच म्हणाले, कशाला." मेथीची जुडी माझ्या हातातच राहिली. थांबायला तयार नसलेली पुण्याची माणसं बंगळुरात, मल्लेश्वरमच्या वरच्या मजल्यावर राहत होती.

अप्पा निवृत्त होणार तेव्हा आम्ही सगळे धरून चाललो होतो की ते आता पुण्याला येणार. श्रीकांतनी आमच्या जवळच एक जागाही पाहून ठेवली. आईचा फोन आला, "अगं, यांनी बनशंकरीला घर बांधायला काढलंय." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बनशंकरी तेव्हा बंगळूरचं टोक होतं, पुढं माळ आणि खडक. तिथं अप्पांनी टुमदार घर बांधलं, मागं आंबा आणि चाफा लावला, पहाटे शाल पांघरून गच्चीत चहा घेऊ लागले. आई सांगायची, भाजीवाल्याशीही आता कानडीत बोलतात.

त्यानंतर एका एप्रिलमध्ये ते दोघं आमच्याकडं राहायला आले. दुसऱ्याच दिवशी सुरू झालं. "इथं काय उकडतं हो! आमच्याकडं पंखा लावावा लागत नाही." संध्याकाळी श्रीकांतनी नदीकाठी नेलं तर नाकाला रुमाल. "ही मुठा? हिच्यापेक्षा आमचं सँकी टँक बरं." डोंगरावर घरं चढलेली पाहून म्हणाले, "पुण्यानं चेहरा घालवला. बंगळूर अजून कसं मोकळं आहे." सासूबाई मान डोलवत होत्या. आई खाली मान घालून बसली होती.  पुढल्या दुपारी जेवणं झाली, सगळे पडले, आणि अप्पा गॅलरीत ओला पंचा खांद्यावर टाकून बसले होते, तेव्हा मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"अप्पा, तुम्ही इकडं का नाही आलात?"

"आता कुठं येऊ?" ते म्हणाले. "सगळं आयुष्य तिथं गेलं. हवा मानवलीय, शेजार चांगला आहे. या वयात मुळं उपटू नयेत माणसानं."

"मग माझी का उपटलीत?"

त्यांना प्रश्नच कळला नाही असं आधी मला वाटलं. पण कळला होता. ते विचार करत होते, प्रामाणिकपणे, विसरलेलं काहीतरी आठवावं तसं. मग म्हणाले, "तसं काही नव्हतं गं. आपलं कुणीतरी पुण्यात असावं, असं फार वाटायचं मला."

खाली रस्त्यावर आइसकांडीवाला घंटी वाजवत चालला होता. मी म्हटलं, "अप्पा, मी कुणीतरी नव्हते." आवाज चढवला नव्हता. त्यांनी हात पुढं करून माझ्या डोक्यावरून फिरवला, लहानपणी फिरवत तसा. "अगं, मी चांगल्या मनानंच केलं सगळं," ते म्हणाले.

त्यांनी ते खरोखरच चांगल्या मनानं केलं होतं. त्यांच्या मनात माझ्याविषयी कधी वाईट नव्हतं. माझ्याविषयी काही नव्हतंच, जे होतं ते पुण्याविषयी होतं. लोक म्हणतात गेलेल्या माणसावर राग धरू नये. अप्पांना जाऊन खूप वर्षं झाली, आणि मी तो धरलेला आहे.